तांब्याचं गॅस्केट

आमच्या दारात एक पिवळी गाडी उभी असते. बसकी, दोन दारांची, दोनच सीटची. छत म्हणून एक जाड कापड आहे, ते लागेल तेव्हा मागून ओढून घ्यायचं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात अशा थोड्या गाड्या तयार झाल्या आणि मग बंद झाल्या. कॉलनीत कोणी नवीन राहायला आलं की त्यांना वाटतं, ही माझी हौस. मी सरकारी कचेरीत कारकुनी करणारा माणूस. स्कूटरचा प्लगसुद्धा मी कधी स्वतः काढलेला नाही. गाडी माझ्या बायकोची आहे.

ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माहेर देवळ्याजवळच्या एका खेड्यात, कांद्याचं घर. बी.एस्सी.साठी नाशिकला वसतिगृहात राहत होती, तेव्हा कॉलेज रोडच्या सिग्नलला तिने अशीच एक गाडी पाहिली होती. ही गोष्ट ती अनेकदा सांगते आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणते, "आणि चालवणारी बाई होती." पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून बंगळूरला नोकरीला लागली. त्या सगळ्या वर्षांत गाडीचा विषय घरात निघायचा तो चेष्टेतच. मग शाळेतल्या एका शिक्षिकेच्या बोलण्यात आलं की तिच्या नात्यातल्या कोणाची तरी तसली गाडी दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. रविवारी ही एकटीच बघायला गेली. संध्याकाळी परत आली ती केसांत जळमटं घेऊन.

"अहो, सीट उंदरांनी खाल्लीय," ती म्हणाली, "पण इंजिन फिरतंय."

तिचा चेहरा पाहून मी पोर्चमधली स्कूटर बाजूला लावली.

गाडी आली, थोडी दुरुस्त झाली, हिवाळाभर छान चालली. रविवारी सकाळी आम्ही दोघं कानटोप्या घालून गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचो. लहान मुलं हात करायची. मला आधी लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. उन्हाळा सुरू झाला आणि एका दुपारी आडगावच्या पुढे हायवेवर गाडीचा जोर एकदम गेला. मागे पांढऱ्या वाफेचा लोट. पुढे तापमानाचा काटा लाल रेघेच्या वर. हिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ बॉनेटला हात लावला नाही. मी उघडायला गेलो तर ओरडली, "थांबा! भाजेल."

गार झाल्यावर तिने ऑइलची पट्टी ओढून काढली आणि मला दाखवली. पट्टीवर ऑइल नव्हतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं.

"पाणी आत गेलंय," ती म्हणाली. "हेड गॅस्केट गेलं. इंजिनावरच्या झाकणाखालचा, म्हणजे हेडखालचा, पातळ थर."

त्या दिवशी गाडी टेम्पोत चढवून घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्यांना ती एकेक करून घेऊन आली. ते बॉनेट उघडायचे, आत वाकायचे, फोटो काढायचे आणि मान हलवायचे. एकाने तर सांगितलं, "मॅडम, याचं सामान कुठंच भेटणार नाही. हे इंजिन भंगारात द्या, मी तुम्हाला दुसऱ्या गाडीचं टाकून देतो. एकदम स्मूद." तो वाईट माणूस नव्हता, खरंच मदत म्हणून सांगत होता. हिने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर पोर्चमध्ये कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मीच उघडते."

"काय उघडतेस?"

"इंजिन."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हती. त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते बिघडलं की तिचे आबा, म्हणजे माझे सासरे, स्वतःच खोलायचे आणि हाताखाली हिला घ्यायचे, कारण थोरल्या भावाला ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही. व्हॉल्व्ह घासायचं काम तर पूर्ण हिचं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून, पेस्ट लावून ती ते गोल गोल घासत बसायची. आबा तपासायचे आणि पसंत पडेपर्यंत पुन्हा घासायला लावायचे.

"मग हे तू कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कधी इंजिन बिघडवलं नाहीत," ती म्हणाली.

शाळेला सुटी लागली आणि काम सुरू झालं. पोर्चमध्ये जुनी चादर अंथरली. हिने माझा एक जुना शर्ट घातला, केस ओढणीने बांधले. पाणी काढलं, बॅटरी सोडवली, कार्ब्युरेटर उतरवला. मला वाटत होतं, इंजिन खोलणं म्हणजे जोर लावणं. प्रत्यक्षात ती जोर फार कमी लावायची. एखादा बोल्ट हलला नाही तर त्याच्यावर गंज सोडवणारं तेल सोडून दुसऱ्या कामाला लागायची आणि जेवण झाल्यावर परत यायची. एका मोठ्या पुठ्ठ्यावर तिने इंजिनाचं चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचला. माझ्याकडे काम होतं टॉर्च धरायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचे. दोन्ही कामांत मी बोलणी खाल्ली.

हेडचे बोल्ट तिने कडेने आत, आळीपाळीने, थोडे थोडे सैल केले. मी विचारलं, एकेक पूर्ण काढून का टाकत नाहीस? म्हणाली, "एकीकडचा ताण गेला आणि दुसरीकडचा राहिला तर हेड वाकतं." वर्गात जशी सांगत असेल तशीच सांगत होती, माझ्याकडे न बघता, फळ्याकडे बघितल्यासारखी. सगळे बोल्ट निघाले तरी हेड हलेना. तिने लाकडी ठोकळा घेतला आणि कडेकडेने हलकेच ठोकत राहिली. एकदा बारीकसा चटक आवाज आला आणि ती थांबली. मग आम्ही दोघांनी मिळून ते उचललं. खाली जुनं गॅस्केट होतं, आणि मधल्या दोन सिलिंडरच्या मध्ये ते जळून काळं झालं होतं. अगदी बोटाच्या पेरापेक्षा लहान जागा. तेवढ्यावरून सगळी गाडी रस्त्यात उभी राहिली होती.

शेजारच्या काकू तेवढ्यात फाटकापाशी आल्या. म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं परत बसवता येतं का तुला?"

"बघू की," ही म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्या क्षणी ती मला फार सुंदर दिसली, पण काकू उभ्या असल्याने मी ते बोललो नाही.

त्याच आठवड्यात आबा आमच्याकडे आले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. शेतातला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडला होता, आता महिनाभर नाशिकला राहायला हरकत नव्हती. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूळ टाळायची. आबा डोळ्यावर पट्टी लावून घरी आले, आणि दारातच त्यांना डिझेल-पेट्रोलचा वास आला.

"काय खोलेल शे?" त्यांनी विचारलं.

ही आमच्याशी शहरासारखं बोलते. वडिलांशी बोलताना तिची जीभ लगेच अहिराणीवर जाते, 'आहे'चं 'शे' होतं. "इंजिन शे, आबा. हेड गॅस्केट गयं."

पोर्चच्या आत, दाराशी, त्यांची खुर्ची मांडावी लागली. त्या खुर्चीवरून ते दिवसभर हलले नाहीत. हिने हेड साफ करून त्यांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवलं. आबांनी दिसणारा डोळाही मिटला आणि तळहात त्याच्यावर सावकाश फिरवला, मग नख फिरवलं. बराच वेळ.

"बेस शे," ते म्हणाले. "काहीच करू नको. असंच बसाड."

"नही आबा. वाकेल शे."

"मी सांगस ना, बेस शे."

तिने कपाटातून स्टीलची पट्टी आणली, हेडवर उभी धरली आणि खालून फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पाती सरकवली. कडेला पाती अडली. मध्यावर आली तशी सहज आत गेली. तिने आबांचं बोट धरून त्या पातीवर ठेवलं आणि पाती पुढे-मागे केली. मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि ते माझ्याकडे वळले.

"जावाईबापू, बघितलं? लहानपणी मी म्हणेन तसं घासायची. आता बापाला मोजून दाखवते."

हेड अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह मात्र तिने स्वतः घासले, आबांच्या समोर बसून. घासण्याचा तो खरखर आवाज बदलत बदलत मऊ व्हायचा आणि आबा म्हणायचे, "आते दुसरा ले." मग हेड उलटं करून तिने व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं आणि खाली एक थेंब उतरतोय का ते आम्ही तिघं बघत बसलो. म्हणजे दोघं बघत होतो, आबा विचारत होते. एकही थेंब उतरला नाही.

आता अडलं ते नव्या गॅस्केटवर. ते कुठेच मिळेना. हिने ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना फोन केले. एकाने पाठवलेलं पार्सल उघडलं तर भोकं जुळेनात. जून जवळ येत होता, शाळा उघडणार होती. एका सकाळी पोहे खाता खाता ती म्हणाली, "तांब्याचं करता येतं. जुन्या काळी करायचे. पत्र्यातून कापायचं, तापवून मऊ करायचं."

नाशिकच्या माणसाला तांबं कुठे मिळतं हे सांगावं लागत नाही. आम्ही तांबट आळीत गेलो. एका दुकानात बंब आणि घागरींच्या मागे एक वयस्क कारागीर बसले होते. हिने जुनं गॅस्केट पुढे केलं, तेवढ्या जाडीचा पत्रा हवा म्हणाली. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हे कशाचं झाकण आहे, ताई?"

"इंजिनाचं."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पत्रा कापून दिला.

जुनं गॅस्केट पत्र्यावर ठेवून तिने टोकदार खिळ्याने सगळ्या कडा उतरवल्या. शिवणकाम करणाऱ्या बायका बेतताना करतात तसं, आधी कागदावर कापून एकदा हेडवर ठेवून पाहिलं. मग ड्रिल, कानस, पॉलिश पेपर. गल्लीतल्या कॅटरिंगवाल्यांनी त्यांची मोठी शेगडी दिली. पत्रा लालभडक झाला, पाण्यात बुडाला, चर्र झालं. गरम होऊन तो थोडा वाकडा झाला होता, तो तिने फरशीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकून सरळ केला. मग सगळं बसवलं, ताण मोजणाऱ्या टॉर्क पान्याने बोल्ट मधून बाहेर क्रमाने आवळले, पाणी भरलं.

इंजिन सुरू झालं. आबांनी टाळी वाजवली. काकू फाटकाशी धावत आल्या. आणि थोड्याच वेळात हेडच्या सांध्यातून पाण्याची एक बारीक रेघ खाली ओघळली. मग आणखी एक.

हिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ती आत गेली, हात धुतले, कणीक मळायला घेतली. मी स्वयंपाकघरात गेलो.

"राहू दे ना, मी करतो पोळ्या."

"तुमच्या पोळ्या आबांना चावत नाहीत," ती म्हणाली. आवाज ओला होता. मी तिच्या शेजारी उभा राहून भाजी चिरली. त्या दिवशी तिने पोर्चमधला दिवाच लावला नाही. पाठ केलेलं सगळं बरोबर येऊन शेवटचं उत्तर चुकलेल्या मुलासारखी ती दिसत होती, आणि अशा मुलांना ती काय सांगत असेल ते मला विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "चला, पत्रा आणायचाय." मी निमूटपणे स्कूटर काढली.

तांबट आळीत ते कारागीर या वेळी घागर ठोकत होते. ठोकता ठोकता मध्येच त्यांनी घागर बाजूला घेतली, भट्टीत धरली, लाल केली, पाण्यात घातली आणि पुन्हा ठोकायला घेतली. ही उभ्या उभ्या बघत राहिली. पत्रा घ्यायचंही विसरली.

"काका, मध्येच परत का तापवलंत?"

"ठोकलं की कडक होतं ना, ताई. मग फुटतं. परत मऊ करावं लागतं."

तिने कपाळावर हात मारून घेतला. तिथेच, रस्त्यात, माझा दंड धरला. "मी मऊ केलं आणि मग ठोकून कडक केलं! अहो, मीच कडक केलं! ते दबलंच नाही, म्हणून पाणी आलं." ती इतकी आनंदाने बोलत होती, की कारागीर काकाही हसायला लागले. आपली चूक सापडल्यावर इतकं खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला माझी चूक दाखवली तर मी आठवडाभर तोंड फिरवून बसतो.

दुसरं गॅस्केट तिने अधिक सफाईने कापलं. तापवलं, विझवलं, आणि मग ठोकायला मोगरी घेतलीच नाही. दोन गुळगुळीत ग्रॅनाइटच्या फरश्या आणल्या, त्यांच्यामध्ये पत्रा ठेवला आणि मला म्हणाली, "या, वर उभे राहा."

"मी?"

"तुमचं वजन कधीतरी कामी येऊ दे."

मी चपला काढून उभा राहिलो. आबा खुर्चीतून म्हणाले, "जावाईबापू, हलू नका." पट्टी निघून त्यांच्या डोळ्यांवर आता काळा चष्मा आला होता आणि त्यांना सगळं दिसत होतं. शेजारच्या काकूंनी फोटो काढला. तो अजून कॉलनीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. इंजिन दुरुस्तीतलं माझं योगदान म्हणून मी तो जपून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं जुळलं. भोकांच्या कडांना तिने लेप लावला, बोल्ट तीन फेऱ्यांत आवळले, व्हॉल्व्हची फट एकेक करून बसवली. ऑइल नवीन. पाणी भरलं. किल्ली तिने आबांच्या हातात दिली.

"मी नको," ते म्हणाले. "तू."

इंजिन पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा धरलं. ती आत बसून नव्हती राहिली. खाली उतरून सांध्याला बोट लावून उभी होती. काटा हळूहळू मध्यावर आला आणि थांबला. पंखा लागला, बंद झाला. तिचं बोट कोरडं होतं. तिने ते मला दाखवलं, मग आबांना, मग फाटकाशी आलेल्या काकूंना. आबा खुर्चीतून उठले, बॉनेटजवळ आले आणि डोळे मिटून आवाज ऐकत राहिले.

"बंद करू का, आबा?" तिने विचारलं.

"नही. राहू दे. चालू राहू दे."

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी आबांना घरी जायला परवानगी दिली. मी एस.टी.चं बघत होतो, तर ही म्हणाली, "मी सोडते त्यांना. गाडीने." मी म्हटलं, छान, निघू या. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. गाडीला सीट दोन.

म्हणून त्या सकाळी मी फाटक उघडून धरलं आणि ते दोघं गेले. आबांनी टोपी पक्की बसवली होती, वर मफलर बांधला होता आणि मांडीवर औषधांची पिशवी धरली होती. वळणावर त्यांनी मागे न बघता हात वर केला. मी पिशव्या घेऊन स्टँडवर गेलो आणि देवळ्याची गाडी पकडली.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. बॉनेट उघडं होतं. गावातले, वस्तीवरचे सगळे आत वाकून बघत होते आणि एक जण विचारत होता, गाडी कुठल्या गॅरेजात केली. माझी बायको ओसरीवर पाणी पीत बसली होती. उन्हाने तिचं नाक लाल झालं होतं. उत्तर द्यायचं तिच्या मनात असावं, पण आबांनी तिला बोलूच दिलं नाही. ते गाडीला टेकून उभे होते, काळा चष्मा लावून, आणि हेड कसं वाकलं होतं, ते आपल्याला कसं कळलं नाही आणि पोरीने पातं घालून कसं दाखवलं, हे पहिल्यापासून सांगत होते.

"मन्ही पोरनी करं," ते म्हणाले. "बठं, सगळं तिनीच करं."

मला पाहून त्यांनी गर्दीला बाजूला व्हायला सांगितलं. "आणि हे जावाईबापू," ते म्हणाले, "फरशीवर हे उभे होते."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. बायको ओसरीवर पदर तोंडाला लावून हसत होती.